सामान आधी, माणसं मागून

४ ऑक्टोबर, शनिवार

बाई म्हणाल्या, लिहून ठेव, म्हणून लिहायला बसलोय. मी फोनवर सांगतो त्यातून त्यांना म्हणे काहीच कळत नाही. रस्ता कसा आहे? बरा आहे. खोल्या? बऱ्या आहेत. जेवण? बरं आहे. "अरे, तुझ्या डोक्यात एवढा एकच शब्द भरलाय का?" म्हणाल्या. शाळा आठवीत सुटली, शब्द असून असून किती असणार. आहेत तेवढे मांडतो. कामाचं तेवढं बाईंना वाचून दाखवीन, वही हातात देणार नाही. म्हणजे मनातलंही लिहायला मोकळीक.

बाईंचा धंदा म्हणजे शहरातल्या माणसांना चालवायचं आणि खाऊ घालायचं. डोंगरातून, शेतांतून, गावागावांतून आठवडाभर चालायचं, दुपारी एका घरी जेवायचं, रात्री दुसऱ्या घरी जेवून तिथेच झोपायचं. हॉटेल नाही, राहती घरं. लोक याला सुट्टी म्हणतात. पैसे देऊन पायपीट करणारी माणसं आहेत हे ऐकून आमचे दाजी इतके हसले होते की ताईने फोन काढून घेतला. पाहुण्यांच्या पुढे बाई चालतात. मी गाडीतून सामान घेऊन आधी पोचतो आणि बॅगा ज्याच्या त्याच्या खोलीत लावतो. सामान आधी, माणसं मागून, हा बाईंचा नियम. दमून आलेल्या माणसाला पलंगाशी आपली बॅग दिसली की ते घर त्याला आपलं वाटतं, म्हणतात.

आता घोडं अडलंय ते असं. तिसऱ्या आणि चौथ्या रात्रीचं मुक्कामाचं घर बंद झालं. तिथले म्हातारा-म्हातारी कुलूप लावून लेकीकडे राहायला गेले. त्यात बाई परवा माळ्याच्या शिडीवरून घसरल्या आणि कंबर धरली. पाहुणे सतराला येणार.

"तू जा, घरं बघ. तूच ठरव."

"मी?"

"मग माझी कंबर पाठवू का?"

त्याच पुढे म्हणाल्या, "हे जमवलंस तर पुढच्या मोसमापासून पाहुण्यांच्या पुढे तू चालायचं. सामानाला दुसरा कोणी बघू."

"आणि नाही जमलं तर?"

"गेल्या खेपेला निम्मे पाहुणे तोंड वाकडं करून गेले. अजून एक खेप तशी गेली तर दुकान बंद. मग तू मोकळा, मीही मोकळी."

मोकळा व्हायला मला काय, माझी बॅग पलंगाखाली भरलेलीच असते. कपडे तिच्यातून काढतो, तिच्यातच घालतो. खोलीत कपाट आहे, पण कपाटात ठेवलं की निघताना वेळ जातो. कामं धरली किती आणि सोडली किती, मलाच आठवत नाही. ताई मला भिंगरी म्हणते. संध्याकाळी तिचा फोन आला. "या खेपेला तरी टिक रे. नाहीतर दाजी म्हणतायत, दुकानात ये खिळे मोजायला."

दाजींच्या दुकानात खिळे वजनावर जातात, मोजत कोणी नाही. पण तिला काय म्हणायचंय ते कळलं.

५ ऑक्टोबर, रविवार

दोन घरं पाहिली.

पहिलं गावात, चकचकीत. दारात पाटी, बूट बाहेर. जिन्यात पाटी, आवाज नको. न्हाणीघरात पाटी, पाणी जपून. खाटेच्या डोक्याशी पाटी, गादीवर बसू नये. मी घरवाल्या मावशींना विचारलं, "गादीवर बसायचं नाही तर झोपायचं कसं?" त्या म्हणाल्या, "झोपायला हरकत नाही, बसल्याने कडा दबतात." चहा न घेता निघालो. चहाचीही पाटी असणार.

दुसरं घर म्हणजे ओढ्यावरची जुनी पाणचक्की. काय जागा आहे! गाडी थेट दारात. पक्का रस्ता, वळायला ऐसपैस अंगण. खालून पाणी जातंय, मोठं लाकडी चाक आता नुसतं शोभेला उभं आहे. वरच्या खोल्यांना ओढ्याकडे खिडक्या. जिना रुंद, दोन्ही हातांत दोन बॅगा घेऊन चढून पाहिला, कुठे घासत नाही. बंद झालेल्या घरापासून गाडीने दहा मिनिटं.

चक्कीवाले दादा बोलायला मोठे मोकळे. चक्की आजोबांनी कशी बांधली, पुरात कशी टिकली, सगळं सांगितलं. वहिनी फार बोलत नाहीत, स्वभावाने गरीब आहेत. मी होतो तेवढ्या वेळात खाली म्हणून बसल्या नाहीत. गरम पाव आला, मग लोणी, मग मध, मग कांद्याचा रस्सा, अंडी, भाजलेले बटाटे, वर फळांचा मुरांबा. मी पोट धरून बसलो तरी ताटात पडतच होतं. दादा म्हणाले, "दहा माणसं म्हणजे हिला काहीच नाही. दोन रात्री, दोन सकाळी, बसल्या बसल्या करील. काय गं?" तेवढ्यात वहिनींच्या हातातला डाव खाली पडला. हात तेलकट असतील. उचलून धुतला आणि पुन्हा वाढायला लागल्या.

फारच छान माणसं.

६ ऑक्टोबर, सोमवार

तिसरं घर डोंगरमाथ्यावर. दोघे भाऊ राहतात, दोघांची लग्नं राहूनच गेली. रस्ता असा की गाडीचं पोट दोनदा घासलं, एकदा तर मी उतरून दगड बाजूला केला. तिथेच मनात फुली मारली.

थोरला स्वयंपाक बघतो, धाकटा खोल्या बघतो, आणि दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. एकाच घरात, एकाच टेबलावर बसून. थोरला मला म्हणाला, "त्याला सांग, दार लाव." धाकटा हातभर अंतरावर. धाकटा म्हणाला, "त्याला सांग, दार लावलं तर धूर कोंडेल." मी आपला इकडून तिकडे, टपालवाला. मधे निरोप न्यायला कोणी नसलं की कुत्र्याला सांगतात म्हणे. कुत्रं म्हातारं आहे, त्याला ऐकू येत नाही.

सूप खारट. साधं खारट नव्हे, समुद्र. मी विचारलं तेव्हा कळलं, थोरला शिजवताना मीठ घालतो आणि तो वळला की धाकटा येऊन पुन्हा घालतो. का? तर आई असताना पातेल्यात मीठ फक्त ती घालायची. ती गेल्यावर दोघांनाही वाटतं की ते काम आपल्याकडे आलं. विचारायची सोय नाही, कारण बोलणं बंद. बोलणं बंद का, तर याच्यावरूनच.

खिडकीतून गोठ्याचं छप्पर दिसतं. पाहुणे काय छप्पर बघायला येणार?

एक विचित्र गोष्ट. आत पाय टाकताच धाकट्याने माझे बूट काढून घेतले. चुलीमागे भिंतीला लाकडी खुंट्यांची रांग आहे, तिच्यावर बूट उलटे अडकवतात. आईने करून घेतली होती, वाटसरूंसाठी. मी म्हटलं, अहो मी गाडीने आलोय, बूट कोरडे आहेत. तो म्हणाला, "असू देत." निघताना घातले तर आतून ऊबदार, भट्टीतून काढलेल्या पावासारखे.

लिहायला लाज वाटते पण जेवल्यावर चुलीशेजारच्या बाकावर मला झोप लागली. दुपारी झोपणारा मी नव्हे. मला कुठे बसवत नाही तर झोपतोय कसला. उठलो तर अंगावर कांबळं आणि दोघेही भाऊ चोरपावलांनी भांडी लावतायत. मीठ जास्त झालं की गुंगी येते बहुतेक.

८ ऑक्टोबर, बुधवार

ठरवलं. पाणचक्की. आज फोन करून दादांना शब्द दिला. त्यांनी तिथल्या तिथे सुताराला लांब टेबल करायला सांगितलं.

मग बाईंना सांगायला गेलो. वहीतलं कामाचं वाचून दाखवलं. पाट्यांवर हसल्या, मग कंबर धरून "हसवू नकोस मेल्या" म्हणाल्या. पाणचक्कीचं सगळं ऐकून घेतलं.

"जुन्या घरापासून किती?"

"गाडीने दहा मिनिटं."

"आणि चालत?"

"थोडं खाली उतरायचं, बस. समोर दिसतंच."

"हं."

एवढंच. चांगलं नाही, वाईट नाही, हं. मी आपला चुळबुळत उभा. "तुमच्या मनात दुसरं काही असेल तर..." म्हटलं. "ठरवायचं काम तुझं," म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या. रागावल्यात नक्की. का ते सांगत नाहीत. माणसाला असं टांगून ठेवू नये.

११ ऑक्टोबर, शनिवार

दोन दिवस काही नाही. गाडी ब्रेकसाठी गॅरेजात टाकली. खोलीत येरझारा घातल्या.

ताईला फोनवर सगळं सांगितलं. खूश झाली. म्हणाली, "म्हणजे तू त्यांच्याबरोबर डोंगर चालतोस?"

"छे, मी गाडीत."

"कधीच नाही चाललास?"

"मला कशाला चालायला लागतंय?"

ती हसतच सुटली. "अहो ऐकलंत का," पलीकडे दाजींना सांगते, "आपल्या भिंगरीला कामाला ठेवलंय चालायच्या सुट्टीवर, आणि तो बसून असतो!" दाजी म्हणाले, "त्याला म्हणावं, हे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं झालं." दाजींचं मी मनावर घेत नाही. पण फोन ठेवला तरी ते शब्द डोक्यातून जाईनात.

उद्या गाडी नाही, काम नाही. जरा चालून बघतो. तिसऱ्या दिवसाची पूर्ण वाट, पाहुणे चालतात तशी, सकाळपासून.

१३ ऑक्टोबर, सोमवार

काल लिहिता आलं नाही. आता सगळं एका बैठकीत लिहितो.

रविवारी सकाळी दूधवाल्याच्या गाडीतून वाटेच्या तोंडाशी उतरलो. बॅग पाठीवर होती, भरलेली. चालायला जायचं तर एवढी बॅग कशाला, हे मलाही माहीत नाही. सवय.

सकाळ मजेत गेली. शेतांच्या बांधावरून वाट, मग झाडी, मग उघडा माथा. वाऱ्याने डोकं स्वच्छ झालं. मला वाटलं, हे जर काम असेल तर मी आजवर सुट्टीत होतो. दुपारनंतर मात्र पाय बोलायला लागले. दोघा भावांचं घर वाटेवरच आहे, अगदी वाट त्यांच्या दारातून जाते. हे मला गाडीतून कळलंच नव्हतं, कारण गाडीचा रस्ता मागून येतो. धुरांड्यातून धूर निघत होता. पुढे निघायला पाय तयार नव्हते, तरी निघालो. मुक्काम खाली ना.

आणि मग उतार. गाडीने दहा मिनिटं असलेला रस्ता डोंगराला वळसा घालून जातो. पायवाट सरळ खाली पडते. सुटे दगड, पायऱ्या नाहीत, धरायला काही नाही. दोनदा बसलो, एकदा मनात नसताना. गुडघ्याखाली पाय आहेत की काठ्या तेच कळेना. मध्ये एक झरा वाटेवरूनच वाहतो, बुटांत पाणी गेलं. त्या प्रत्येक दगडावर मला आमचे पाहुणे दिसत होते. दरवर्षी येणाऱ्या त्या आजी, ज्यांच्या गुडघ्याला पट्टा असतो. दिवसभर चालून शेवटी हा उतार. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारी करून हाच चढ. खिडकीतून ओढा दिसतो म्हणून!

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. घर पाहिलं, जिना पाहिला, अंगण पाहिलं. गाडी कशी वळेल ते पाहिलं. माणसं कशी पोचतील ते पाहिलंच नाही.

चक्कीशी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आत जायचं धैर्य होईना. शब्द दिलेला, टेबल करायला टाकलेलं, बाई रागावलेल्या, पाहुणे पाच दिवसांवर. रस्त्याकडेच्या कठड्यावर बसलो. तेवढ्यात शहराकडची बस आली आणि माझ्यासमोर थांबली. पाठीवर बॅग बघून ड्रायव्हरला वाटलं, मी तिचीच वाट बघतोय. दार उघडलं.

"येताय ना?"

मी उठलोसुद्धा. खिशात भाडं होतं, पाठीवर सगळं होतं.

"बूट ओले आहेत," मी म्हणालो.

"बरं मग?" तो म्हणाला.

बस गेली. ओल्या बुटांनी माणूस किती लांब जाणार, म्हणून नाही गेलो.

दार वाजवलं. दादा सुताराकडे गेले होते. वहिनी स्वयंपाकघरात होत्या, आणि पहिल्यांदाच बसलेल्या दिसल्या, बादलीत गरम पाणी घेऊन त्यात पाय सोडून. मला बघून उठायला लागल्या.

"बसा, बसा वहिनी. मी वाईट बातमी घेऊन आलोय."

सगळं सांगितलं. उतार, गुडघे, आजी. शेवटी म्हटलं, "शब्द मोडतोय मी. पाहुणे राहायला आणता येणार नाहीत."

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात. जवळ गेलो तर हसत होत्या. हसता हसता पदराने डोळे पुसले, आणि मग खरंच थोडं रडल्या.

"नक्की ना?" म्हणाल्या. "नाही म्हणजे नाहीच ना येणार?"

"नाही."

"देवच पावला." बादलीतले पाय ताणून मागे टेकून बसल्या. "त्या दिवसापासून झोप नाही मला. दहा माणसांच्या चादरी, दहा माणसांची न्याहारी, दोन दोन रात्री. यांनी हो म्हटलं, तुम्ही हो म्हटलंत. मला कोणी विचारलं?"

"तुम्ही बोलला नाहीत."

"पाव घशात कोंबत होते तुमच्या, तेवढ्यात कधी बोलणार!"

मी म्हटलं, माझं चुकलं. त्या म्हणाल्या, तुमचं एकट्याचं नाही. मग जरा विचार करून म्हणाल्या, "दुपारचं जेवण मात्र आवडतं मला. लोक येतात, जेवतात, तारीफ करतात आणि जातात. चौथ्या दिवशी आणा की त्यांना. त्या मेल्या उतारावरून नको, ओढ्याच्या कडेनं. लांबचा पल्ला आहे पण सपाट आहे. परत वर चढायचं कशाला, तुमची गाडी आहे ना?"

"आणि दादांचं टेबल?"

"टेबल राहू दे. जेवायला टेबल लागतंच. यांचं मी बघते."

माझा जीव भांड्यात पडला. अर्धाच, कारण दुसरा अर्धा माथ्यावर होता. दादा आल्यावर वहिनींनी त्यांना अंगणात नेलं. काय बोलल्या ते ऐकू आलं नाही, दादांचा आवाज मात्र एकदाही आला नाही. मला बाकावर झोपायला दिलं.

आज सकाळी ओढ्याच्या कडेने फिरून माथ्यावर गेलो. लांब आहे, पण वहिनी खरं बोलल्या. धाकट्याने दारातच बूट काढून घेतले. आज ते खरोखर ओले होते. त्याने आत हात घालून बघितलं आणि मान हलवली, डॉक्टरासारखी.

दोघांना समोर बसवून म्हटलं, पाहुणे दोन रात्री इथे आणतो, पण एक अट आहे. मीठ. एकाने घालायचं.

"त्याला सांग, मी शिजवतो, मी घालणार," थोरला.

"त्याला सांग, आई गेली त्या वर्षी त्याला चव राहिली नव्हती, तेव्हापासून मीच घालतोय," धाकटा.

तासभर हेच. शेवटी मी वैतागून म्हटलं, "मग कोणीच घालू नका. पातेलं बिनमिठाचं ठेवा, मिठाची वाटी टेबलावर मांडा, ज्याचं तो घेईल."

दोघेही उभे राहिले.

"बिनमिठाचं?" थोरला ओरडला. "आईच्या घरात बिनमिठाचं वाढायचं?"

"लोक थुंकतील आपल्या तोंडावर!" धाकटा ओरडला.

"ऐकलंस का हा काय म्हणतोय?"

"ऐकलं ना! बिनमिठाचं म्हणे!"

आणि दोघे थबकले. एकमेकांकडे बघून बोलले होते. कुत्र्याने मान वर केली, त्यालाही काहीतरी कळलं असावं. थोरला घसा खाकरून म्हणाला, "एक दिवस मी, एक दिवस तू." धाकटा म्हणाला, "चालेल." आणि लगेच लाकडं आणायला बाहेर गेला, बराच वेळ आला नाही. लाकडं आतच रचलेली होती.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

बाईंना सगळं सांगितलं. पाणचक्कीला शब्द दिला होता आणि मोडला, हेसुद्धा. आता बोलतील ते ऐकून घ्यायचं ठरवून उभा राहिलो.

बाईंनी विचारलं, "कुठे बसलास खाली?"

"झऱ्याच्या वर, तो फुटका खडक आहे तिथे."

"हं. मीही तिथेच बसले होते."

म्हणजे बाई त्या उतारावरून कधीतरी उतरल्यात. मग आठ तारखेलाच का नाही बोलल्या? कंबरदुखीत विसरल्या असतील. कंबर आता बरी दिसते. मी जिन्यात असताना त्या वरून बादली घेऊन झपाझप उतरल्या, मला बघितल्यावर मग कठडा धरला. औषध लागू पडलं.

सपाटीवर चालेन, पण डोंगर चढायला अजून आठवडा तरी जमणार नाही म्हणाल्या. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी पाहुण्यांच्या पुढे मीच चालायचं. त्या गाडी चालवणार. मी म्हटलं, कंबर दुखताना गाडी? तर म्हणाल्या, "बसायला काही होत नाही."

१९ ऑक्टोबर, रविवार

आज तिसरा दिवस, म्हणजे माझा. पुढे चालायचं म्हणजे मागे बघायचं, हे आज कळलं. माझ्या चालीने गेलो असतो तर दुपारीच माथ्यावर एकटा पोचलो असतो. आजी सगळ्यांत मागे. मी पुढे जायचो, थांबायचो, परत मागे यायचो. आजी म्हणाल्या, "अरे, तू एकटाच दुप्पट चालतोयस." म्हटलं, आजी, मला तेच आवडतं.

भावांचं घर दिसलं तेव्हा आजींनी विचारलं, "इथून पुढे अजून किती?"

"इथून पुढे नाही."

"खाली वगैरे उतरायचं नाही ना?"

"नाही."

"तुझं कल्याण होवो," म्हणाल्या आणि दारातल्या बाकावर बसकण मारली. धाकटा आला आणि गुडघ्यांवर बसून त्यांचे बूट सोडवायला लागला. आजी संकोचून "अहो, अहो" म्हणेपर्यंत बूट खुंटीवर गेलेसुद्धा. गोठ्याच्या छपराबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. खिडकीकडे पाठ करून सगळे चुलीकडे तोंड करून बसले होते.

सामान मात्र आधी पोचलं नव्हतं! बाई गाडी घेऊन त्या दगडांच्या रस्त्यावर अडकल्या. मी खाली पळालो. गाडी निघाली, पण आजींची चाकांची बॅग दगडावर आपटून तिची कड उसवली होती, कपडे बाहेर लोंबत होते. आजींच्या खोलीत अशी लक्तरं कशी लावायची? मी गाडीतून माझी बॅग काढली, वरच्या खोलीत पलंगावर उपडी केली आणि त्यांचं सामान तिच्यात भरून त्यांच्या खोलीत लावली. मग पाय धुऊन त्या वर गेल्या. सामान आधी, माणसं मागून. नियम कसाबसा राखला.

आता खरी परीक्षा, सूप. मी दारात उभा. सगळ्यांनी चमचे उचलले. तोंडात घातले. एकाने पाव मोडला. दुसऱ्याने पाण्याचा पेला उचलला आणि ठेवला.

आजी म्हणाल्या, "चव सुरेख आहे हो. जरा मीठ मिळेल का?"

थोरल्याने धाकट्याकडे बघितलं. धाकट्याने थोरल्याकडे.

"आज तुझा दिवस होता ना?"

"छे, आज तुझा!"

आणि दोघेही एकदमच मिठाची वाटी आणायला धावले, दारात एकमेकांना धडकले. आजी हसल्या, मग सगळेच. धडकले ते दोघेही दाराला धरून हसत होते. दोन पातेली सूप संपलं. शेवटी पावाने ताटल्या पुसल्या. बाई माझ्याजवळून जाताना नुसतं म्हणाल्या, "हं." पण हा हं वेगळा होता, एवढं मला आता कळतं.

२० ऑक्टोबर, सोमवार

ओढ्याच्या कडेने गेलो. पाणचक्कीत लांब टेबल, त्यावर वहिनींचं जेवण. शेवटचा घास झाल्यावर वहिनी येऊन आजींच्या शेजारी बसल्या, चहा घेत. दादा भांडी उचलत होते.

२५ ऑक्टोबर, शनिवार

पाहुणे परवा गेले. पुढच्या वर्षी आपल्या बहिणीलाही आणणार, आजी बाईंना सांगून गेल्या. पाहुण्यांतल्या दोन कुटुंबांनी आत्ताच पुढच्या मोसमाला नाव लावलं. बाई म्हणाल्या, "शटर राहू दे वरच." आणि मग, "सामानाला एखादा पोरगा शोध. तुझ्यासारखा नको, टिकणारा बघ." असं का म्हणाल्या कोण जाणे.

गडबडीत आजी माझी बॅग घेऊनच गेल्या. गेल्यावर फोन केला, पाठवते म्हणाल्या.

माझे कपडे माथ्यावरच राहिले होते ते आणायला आज गेलो. चालतच गेलो. पलंगावर काही नव्हतं. धाकट्याने सगळे धुऊन, घड्या घालून त्या खोलीतल्या कपाटाच्या खणात लावले होते. म्हटलं, न्यायला पिशवी द्या एखादी.

थोरला धाकट्याला म्हणाला, "त्याला सांग, पिशवी नाहीये घरात."

धाकटा मला म्हणाला, "पिशवी नाहीये घरात."

थोरल्याच्या पाठीमागे खुंटीला पिशव्या लटकत होत्या. मी बाकावर बसलो. बूट खुंटीवर चढले होते, ते वाळायला वेळ लागणारच होता.

संध्याकाळी तिथूनच ताईला फोन केला. सगळं ऐकून म्हणाली, "आणि तुझी बॅग? कधी येणार ती परत?"

"येईल गं," मी म्हणालो. "घाई काय आहे?"

"अहो ऐकलंत का," ताई पलीकडे दाजींना सांगत होती, "आपली भिंगरी म्हणतेय, घाई काय आहे!"